मागच्या दोन कोठ्या

लिहिणं हे माझं काम नाही. चौतीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. साहेबांनी सांगायचं आणि मी रेघा मारायच्या, एवढाच माझा कागदाशी संबंध. पण मावशींबद्दल जे बोललं गेलं ते अजूनही लोकांच्या तोंडी आहे, आणि खरं काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. म्हणून बसलो आहे. सांगताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

मावशी म्हणजे आमच्या इमारतीच्या जिन्याखाली लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाई. वयाने माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो, आणि त्या मला काका म्हणतात. नातं जुळवायला बसलं तर डोकं फिरेल. दुकान आठ फूट बाय सहा फूट, मी मोजलेलं आहे. जिन्याच्या उतारामुळे मागच्या बाजूला उंची फक्त साडेचार फूट. तिथे त्या सवयीने वाकतात आणि नवं गिऱ्हाईक डोकं आपटतं. टेबलावर लवचीक दांड्याचं भिंग, दोन चष्मे, आणि बर्फ जमवायचे प्लॅस्टिकचे ट्रे. लॅपटॉप उघडला की त्याचा एकेक स्क्रू त्या ट्रेच्या एकेका खणात जातो, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. त्यांच्याकडून गेलेल्या लॅपटॉपमध्ये एक स्क्रू कमी निघाला असं कधी झालं नाही.

त्याआधी चौदा वर्षं त्या रेडिओच्या कारखान्यात डाख द्यायच्या लाइनीवर होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांचं वय चाळीस. त्या वयात त्या एका क्लासमध्ये जाऊन बसल्या, आपल्या मुलीच्या वयाच्या पोरांच्या मागच्या बाकावर. ती पोरं हसायची. मावशी सांगतात, "हसू दे, त्यांचा एक डाख थंड व्हायच्या आत माझे चार व्हायचे."

त्यांच्याकडे सर्वांत जास्त येणारं काम म्हणजे जुन्या लॅपटॉपला नवी डिस्क बसवणं. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी डिस्क असते. ती म्हातारी झाली की चालू व्हायला पाच पाच मिनिटं घेते. तिच्या जागी एसएसडी बसवली, जिच्यात फिरणारं काहीच नसतं, की तोच डुलक्या काढणारा लॅपटॉप ताडकन उठून बसतो. काम ऐकायला सोपं. पण जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर जसंच्या तसं जायला हवं, आणि इथेच माणसाची परीक्षा होते.

मावशींनी मला हे घराच्या भाषेत समजावलं होतं. डिस्क म्हणजे एका ओळीत खोल्या असलेलं घर. पुढे एक छोटी खोली, तिच्यातून लॅपटॉप चालू होतो. मग मोठा हॉल. आपल्या सगळ्या फायली, फोटो, पत्रं तिथे. आणि अगदी मागे कोठी. तिला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. कोठीत रोजचं काही नसतं. लॅपटॉप फारच बिघडला तर त्याला पुन्हा उभं करायचं सामान कंपनीने तिथे ठेवलेलं असतं. नवी डिस्क बहुधा मोठी असते, आणि जास्तीची मोकळी जागा येते ती कोठीच्याही पलीकडे. हॉल वाढवायचा तर मध्ये कोठी आडवी. बाकीचे दुकानदार सरळ कोठी पाडतात. पाच मिनिटांचं काम. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. लागतो तो दोन वर्षांनी, लॅपटॉप आजारी पडतो आणि मागचं दारच नसतं तेव्हा. मावशी कोठी उचलून पार शेवटच्या भिंतीला नेऊन लावतात, मग हॉल वाढवतात, आणि कोठीचं दार उघडतं की नाही ते स्वतः पाहिल्याशिवाय लॅपटॉप हातात देत नाहीत.

त्यांचा आणखी एक नियम होता. जुनी डिस्क पुसायची नाही, ठेवून घ्यायची नाही, फेकायची तर नाहीच. कागदात गुंडाळून, दोरा बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायची, वहीत सही घ्यायची आणि बजावायचं: महिनाभर हिला हात लावू नका. नवीनमध्ये काही राहिलं असेल तर ते हिच्यात आहे.

त्या वहीत प्रत्येक डिस्कच्या खोल्यांचा नकाशा असे. पूर्वी त्या हातानेच चौकोन काढत. मी सकाळी त्यांच्या बाकावर पेपर वाचायला बसायचो. त्या वाकड्या रेघा माझ्याच्याने बघवेनात. एक दिवस न विचारता पट्टी आणि पेन्सिल घेऊन गेलो. तेव्हापासून पाच वर्षं नकाशे मी काढत आलो. एक वहीत, एक डिस्कच्या पुडक्यात, आणि डिस्कवर चिकटवायची पट्टीही माझ्याच अक्षरात. नकाशाच्या खाली कोपऱ्यात कचेरीतल्यासारखे तीन चौकोन: काढणार, तपासणार, तारीख. 'तपासणार'मध्ये मावशी सही करत. 'काढणार'मध्ये मी एक बारीकशी रेघ ओढायचो, कोणालाही वाचता न येणारी. कचेरीतही तेच करायचो. माझं नाव कागदावर दिसलं की मला उगाच कोंडल्यासारखं होतं.

मागच्या वर्षी शाळेचा लॅपटॉप आला. आमच्याच रस्त्यावरची शाळा. त्या लॅपटॉपमध्ये बारा वर्षांचे निकाल, मुलांच्या दाखल्यांची नोंद आणि शिक्षकांच्या पेन्शनची कागदपत्रं होती. हे सगळं ज्यांनी टाइप केलं त्या हेडक्लार्क बाई त्या आठवड्यात रजेवर होत्या, त्यामुळे लॅपटॉप घेऊन मुख्याध्यापक स्वतः आले.

त्या डिस्कला मागे दोन कोठ्या होत्या. एक लहान, तिच्यात दुरुस्तीची हत्यारं. दुसरी मोठी, तिच्यात लॅपटॉप पहिल्या दिवसासारखा कोरा करून द्यायचं सामान. मावशींनी स्क्रीनवर बघून मला दोन्हींची मापं सांगितली. मी पाहिलं, दोन्ही शेजारी शेजारी आणि दोन्हींवर नाव एकच. कचेरीत आम्ही शेजारच्या दोन कोठ्या नकाशात एकच दाखवत असू, मापं मिळवून. कागद स्वच्छ दिसतो. मी मापांची बेरीज केली आणि एकच कोठी काढली. मावशींनी न पाहता सही केली. पाच वर्षांत माझ्या नकाशात चूक निघाली नव्हती, त्या कशाला पाहतील.

लॅपटॉप मंगळवारी परत गेला, पुडकं घेऊन गेला, मुख्याध्यापकांनी वहीत सही केली. पुढच्या सोमवारी ते दुकानात आले ते चढ्या आवाजातच. लॅपटॉप रिकामा होता. बारा वर्षांतलं एक अक्षर शिल्लक नव्हतं.

मावशींनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं. कोणीतरी मोठ्या कोठीचं दार उघडलं होतं. ते दार उघडून 'हो' म्हटलं की हॉल रिकामा होतो आणि लॅपटॉप दुकानातून आणल्यासारखा कोरा. त्याची तारीख लॅपटॉपच सांगत होता: रविवार. रविवारी लॅपटॉप मुख्याध्यापकांच्या घरी होता, हे त्यांनीच सांगितलं. मावशी एवढंच म्हणाल्या की घाबरू नका, जुनी डिस्क घेऊन या, सगळं तिच्यात आहे. त्यावर ते म्हणाले, कसली जुनी डिस्क?

हे ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बाकावरच होतो. पुडक्याचा दोरा मी बांधला होता.

शाळा समितीची बैठक लागली. मावशींनी मला वही घेऊन सोबत बोलावलं. शाळेच्या वाचनाच्या खोलीत लांब टेबल, त्याभोवती समितीची सात माणसं, टोकाला मुख्याध्यापक आणि त्यांच्या शेजारी त्यांचा भाचा. भाचा कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो, म्हणून जाणकार म्हणून बोलावला होता. पस्तिशीचा, खुर्चीत रेललेला. मी भिंतीकडच्या खुर्चीवर.

भाच्याने सांगितलं की बाईंनी रिकव्हरी पार्टिशन उडवलं, त्यामुळे लॅपटॉप कोसळला आणि डेटा गेला. अशा जिन्याखालच्या दुकानांतून हेच चालतं, असंही म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. सातांपैकी एकालाही रिकव्हरी पार्टिशन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मान हलवायला काय लागतं.

मावशी उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "मी ती खोली उडवली असती," त्या म्हणाल्या, "तर तिच्यातून हा लॅपटॉप कोरा झाला कसा? नसलेल्या कपाटातून साडी कशी काढणार?"

मला वाटलं, संपलं, जिंकल्या. इतकं सरळ होतं ते. पण भाच्याने वही ओढून घेतली, माझा नकाशा उघडला आणि फोनवर एक फोटो दाखवला. दुरुस्तीला देण्याआधी त्याने स्क्रीनचा काढलेला. फोटोत कोठ्या दोन, नकाशात एक. "दुसरी कुठे गेली, मावशी?" त्याने विचारलं. "की हा कागद घरी बसून मागाहून काढलात?"

लॅपटॉप टेबलावर नव्हता, की उघडून मोजून दाखवावं. नकाशा खोटा म्हणजे वही खोटी. वही खोटी म्हणजे तिच्यातली जुन्या डिस्कची सहीही खोटी. मुख्याध्यापक सही बघून म्हणाले की ही माझी असेलही, पण लॅपटॉप मिळाल्याची. पुडकं काही मला आठवत नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की बाई, चूक कबूल करा, आम्ही प्रकरण वाढवणार नाही.

आता मी उठायला हवं होतं. चार शब्द होते. नकाशा मी काढला, कोठ्या मी जोडल्या. मी खुर्चीच्या कडेला हात धरले, उठलोही अर्धा, आणि सात माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल काढला, नाक पुसलं आणि खाली बसलो.

मावशींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे वळून म्हणाल्या, "नकाशात चूक आहे. सही माझी आहे, चूक माझी. डिस्कमध्ये चूक नाही."

लोकांनी पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं.

त्यानंतरचे दिवस काय सांगावे. शाळेने आपलं काम काढून घेतलंच, पण शाळेचं बघून दवाखान्याने आणि पतपेढीनेही. रस्त्यावरून जाणारा एखादा जिन्यापाशी थांबून विचारायचा, "मावशी, आमची डिस्क परत देताय ना, की खाल्लीत?" सोबतचे हसायचे. बावीस वर्षं जिने लोकांच्या वस्तू स्क्रूसकट परत केल्या, तिला हे. आणि भाचा त्याच रस्त्यावरून फोनवर बोलत ऐटीत जायचा. मी वरच्या खिडकीतून बघायचो आणि दात खायचो. त्याच्यावर खायचो की स्वतःवर, हे मला नीट सांगता येणार नाही. अकरा दिवस मी बाकावर गेलो नाही. जिना उतरून मागच्या फाटकाने बाहेर पडायचो.

बाराव्या दिवशी खालून हाक आली. "काका, पेपर आलाय. घडीसुद्धा मोडलेली नाही. वाचायला कोणी नाही."

एवढंच. ना राग, ना टोमणा. टोमणा असता तर मी वरच बसून राहिलो असतो. मी चपला घातल्या, पण बाकाकडे न जाता शाळेत गेलो.

हेडक्लार्क बाई रजेवरून परतल्या होत्या. टेबलावर जुन्या कागदांचे गठ्ठे रचून त्या पहिल्या वर्षाचे निकाल पुन्हा टाइप करत होत्या. डोळे लाल. मी कोण ते सांगितलं आणि मग, का कोण जाणे, एका माणसासमोर सगळं बाहेर आलं: नकाशा माझा, कोठ्या दोन होत्या, पुडकं खरं होतं, त्याचा दोरा मी बांधला, आणि आत डिस्कवर माझ्या अक्षरात पट्टी होती: जुनी डिस्क, महिनाभर हात लावू नये.

त्यांची बोटं थांबली. "तिरक्या अक्षरात? 'जुनी'चा ज असा लांब ओढलेला?"

मी होकार दिला.

मग त्यांनी सांगितलं. मुख्याध्यापकांच्या भाच्याने गेल्या पंधरवड्यात शिक्षकांच्या खोलीत एक डिस्क दिली होती, बाहेरून लॅपटॉपला जोडायच्या पारदर्शक डबीत बसवलेली. तिच्यात सिनेमे होते. सगळे शिक्षक पाळीपाळीने घरी नेत होते. बाईंनी स्वतः एक रविवार नेली होती. डबीतून ती पट्टी दिसत होती आणि त्यांना वाटलं होतं, काय सुरेख अक्षर आहे.

म्हणजे ज्या डिस्कवर त्यांची बारा वर्षं होती, तिच्यावर त्यांनी घरी बसून सिनेमा पाहिला होता. महिनाभर हात लावू नये असं लिहिलेली वस्तू मामांनी भाच्याला देऊन टाकली, भाच्याने हॉल पुसला आणि त्यात सिनेमे भरले. आणि मामांनी दुकानात येऊन विचारलं, कसली जुनी डिस्क.

बाई उठल्या, शिक्षकांच्या खोलीत गेल्या, डबी घेतली आणि मुख्याध्यापकांच्या केबिनचं दार लावून घेतलं. आत काय झालं ते मला माहीत नाही. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या, डबी पर्समध्ये होती, आणि त्यांनी मला एवढंच विचारलं, "दुकान उघडं असेल ना?"

मावशींनी डिस्क जोडली. मी मागे उभा राहून डोकं आपटून घेतलं. स्क्रीनवर खोल्या दिसल्या. पुढची छोटी खोली, मग हॉल, सिनेमांनी भरलेला. आणि मागे, भाच्याने फक्त हॉल पुसला म्हणून ज्याला हात लागला नव्हता: कोठी एक, कोठी दोन. दोन्ही जशाच्या तशा, मापासकट.

"घ्या," मावशी म्हणाल्या. "मोजा आता."

हॉल घाईघाईत पुसलेला होता, त्यामुळे सिनेमांच्या खाली जुनं सामान बरंच शिल्लक होतं. ते वेचून काढायला मावशींना चार दिवस लागले. बारापैकी नऊ वर्षं मिळाली. तीन वर्षं सिनेमांखाली गेली ती गेली. हेडक्लार्क बाई ती अजून टाइप करत आहेत. एका निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनचा कागद त्या तीन वर्षांतला आहे. ती आठवड्यातून दोनदा येऊन बाकावर बसते. भाच्याला कोणी काही विचारलेलं नाही.

शाळेने काय केलं? फळ्यावर एक कागद लावला. 'लॅपटॉपसंबंधीचा गैरसमज दूर झाला आहे.' गैरसमज. जणू तो आपोआप उगवला आणि आपोआप दूर झाला, कोणी केला नाही, कोणाबद्दल केला नाही. मावशींचं नाव नाही. त्या म्हणाल्या, जाऊ दे काका. मला जाऊ देता येईना. बैठकीत सातजणांसमोर जे बोललं गेलं ते भिंतीवरच्या एका ओळीने पुसलं जात नाही. आणि त्यात माझीही एक रेघ होती.

पुढची बैठक महिन्याने होती. मला बोलावणं नव्हतं. मी मोठा कागद घेतला, कचेरीत पाइपलाइनसाठी घ्यायचो तेवढा, आणि त्या डिस्कचा नकाशा नव्याने काढला. जुन्या डिस्कचा वर, नव्या डिस्कचा खाली. दोन्हींत मागे दोन कोठ्या, मापं वेगवेगळी. कोणत्या दिवशी, लॅपटॉप कोणाच्या घरी असताना, कोणतं दार उघडलं गेलं ते बाणाने. दोन दिवस लागले. हात पूर्वीसारखा स्थिर नाही.

बैठकीत तीच खोली, तेच टेबल, तीच सात माणसं. भाचा नव्हता. मी आत शिरलो, विचारलं नाही, आणि भिंतीवर कागद लावू लागलो. टाचण्या दोनदा हातातून पडल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "आजोबा, तो विषय संपलेला आहे."

"तुमचा संपला असेल," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं. "तुमचा संपला असेल. माझी सही राहिली आहे."

मग मी खिशातला कागद काढून वाचला, कारण पाठ केलेलं सगळं गेलं होतं. त्यात एवढंच होतं की पहिला नकाशा माझा, दोन कोठ्यांची एक मी केली, बाईंनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली. त्यांच्या कामात दोष नव्हता. जुनी डिस्क तुम्हाला मिळाली होती आणि ती सांभाळायचं सोडून तुम्ही ती सिनेमांना दिलीत. हे मी याच खोलीत बोलायला हवं होतं. मग मी नकाशाजवळ गेलो, पेन काढलं आणि 'काढणार'च्या चौकोनात माझं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. चौकोनात मावलं नाही, बाहेर गेलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. समितीतले ते समजुतीचे गृहस्थ मात्र उठून नकाशाजवळ आले, चष्मा वर करून पाहिलं आणि मुख्याध्यापकांना विचारलं, "हा रविवार म्हणजे कोणता?"

ते उत्तर ऐकायला मी थांबलो नाही.

नकाशा तिथे किती दिवस राहिला मला माहीत नाही. पण त्या गृहस्थांनी आठवड्याभरात स्वतःचा लॅपटॉप आणला, आणि पाठोपाठ पतपेढीही आली. मावशींनी त्यांना सांगितलं, रांग आहे, गुरुवारी या. रांग नव्हती. बाकावर फक्त मी होतो.

आता मावशी नकाशावर सही करण्याआधी मला मोठ्याने वाचायला लावतात. गिऱ्हाइकाच्या देखत. पहिल्यांदा फार लाज वाटली.

"किती खोल्या, काका?"

"पुढे एक. हॉल एक."

"आणि मागे?"

"मागे दोन," मी म्हणतो. मग त्या सही करतात, आणि मी माझी.